कापडावर उड्या मारायच्या? मेम्ब्रेनच्या खेळजागांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आर्किटेक्ट आहे, पुण्यात असते, आणि मुलांसाठी कापड, जाळी नाहीतर नुसती हवा यातून खेळायच्या जागा बनवते. सोसायटीवाले, शाळेचे लोक, आर्किटेक्चरची पोरं, सगळे फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच बसून सगळं लिहून टाकावं. प्रश्न जसे येतात तसेच ठेवलेत.

मेम्ब्रेन म्हणजे काय हो? प्लास्टिकचा कागदच ना?

नाही. मेम्ब्रेन म्हणजे ताणलेला पातळ पडदा. कापड असेल, कोटिंग केलेलं कापड असेल, पारदर्शक फिल्म असेल. त्याला दाबलं तर ते लगेच दुमडतं, वाकवलं तर वाकतं, म्हणजे भिंतीसारखं किंवा खांबासारखं ते काहीच काम करत नाही, त्याला फक्त एकच गोष्ट येते, ओढ सहन करणं. ढोलपथकात असाल तर लगेच कळेल, पान नुसतं ठेवून ढोल वाजत नाही, दोरी खेचून खेचून पान ताणलं की मग तो बोलतो. तसंच हे. आधी ताण द्यायचा, मग त्यावर वजन. घरातलं उदाहरण म्हणजे छत्री, काड्या दाबल्या जातात आणि कापड ओढलं जातं, दोघांनी एकमेकांना धरून ठेवलेलं असतं. वजन म्हणाल तर चांगलं पीव्हीसी कोटेड कापड एका चौरस मीटरला साधारण किलोभर भरतं, त्याच जागेवर १० सेंटीमीटरचा आरसीसी स्लॅब टाकला तर अडीचशे किलो.

मग पार्किंगवर असतं ते पांढरं टेन्साइल शेड आणि तुमचं काम एकच की?

सामान एकच, काम वेगळं. शेड डोक्यावर असतं, त्याला कोणी हात लावत नाही. आम्ही जे करतो त्यात पोरं त्याच्या वर, आत, खाली, मधे असतात. खरं सांगायचं तर आपल्याकडे "मेम्ब्रेन प्ले एरिया" म्हणून जे विकलं जातं त्यातलं बहुतेक म्हणजे नेहमीचीच घसरगुंडी, नेहमीचाच सीसॉ आणि वर एक पांढरी छत्री. सावली मिळते, सावली वाईट नाही, मे महिन्यात तर नाहीच नाही, पण त्याला खेळ म्हणू नका.

पण मुलांना यात एवढं काय मिळतं? घसरगुंडीत काय वाईट आहे?

घसरगुंडी एकट्याची असते. तुम्ही वर चढता, खाली येता, ती तशीच राहते. तिला काही फरक पडत नाही तुम्ही कोण आहात, किती जड आहात, घाबरलात का.

आता आजोळची बाज आठवा. सुतळीची, जरा ढिली झालेली. एका टोकाला मामा बसला की दुसऱ्या टोकाचा आपण आपोआप मधे घरंगळायचो, आणि मामा उठला की वर. माझ्या सगळ्या धंद्याचं सार त्या बाजेत आहे. ताणलेल्या कापडावर एकाने पाय टाकला की ते सगळ्यांना कळतं, कारण ओढ एका जागी थांबत नाही, ती पार टोकापर्यंत जाते. तोमास सारासेनो नावाचा अर्जेंटिनाचा आर्टिस्ट आहे, त्याने २०१२ मध्ये मिलानच्या हँगर बिकोका या जुन्या कारखान्याच्या जागेत पारदर्शक फिल्मचे ३ थर एकावर एक हवेत टांगले आणि लोकांना त्यावर सोडलं. तिथे कोणी हलला की बाकीच्यांचा आकार बदलायचा, दोन माणसं जवळ आली की एकाच खड्ड्यात घसरायची. २०१३ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या के २१ म्युझियममध्ये त्याने स्टीलच्या तारेची जाळी केली, जमिनीपासून २५ मीटर वर, तिथेही तेच, लांबचा माणूस चालला की तुमच्या पायाला थरथर कळते, जाळं विणणाऱ्या आठ पायांच्या कोळ्याला जाळ्यावरून कळते तशी. तो कोळ्यांचा अभ्यास करतो म्हणा, मुद्दाम तसं केलं असणार.

एक माझ्या डोळ्यासमोरचं सांगते. एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आम्ही लायक्राचा, म्हणजे रबरासारख्या ताणणाऱ्या कापडाचा, लांबच्या लांब पट्टा ४ खांबांना बांधला होता, गुडघ्याएवढ्या उंचीवर, खाली गाद्या. सहा-सात वर्षांची एक मुलगी तासभर कोपऱ्यात आईच्या ओढणीला धरून उभी. मग कशीबशी येऊन अगदी कडेला पालथी झोपली, डोळे मिटून. पलीकडून एक दांडगट पोरगा चढला तर ही डोळे न उघडता म्हणते, "जाडा आला." मग दुसरा, "हा बारका आहे." थोड्या वेळात सगळ्यांनी डोळे मिटले आणि कोण चढलं ते ओळखायचा खेळ सुरू झाला, नियम तिने ठरवले, आऊट कोण तेही तीच सांगायची. मी त्यात काहीच केलं नव्हतं. असा खेळ सिमेंटच्या हत्तीवर होऊ शकत नाही.

हे फॅड नवीन आहे का?

अजिबात नाही. जर्मनीचा आर्किटेक्ट फ्राय ओट्टो, दुसऱ्या महायुद्धात पायलट होता, मग फ्रान्समध्ये शार्त्रजवळ युद्धकैद्यांच्या कॅम्पात अडकला, तिथे सामानच नव्हतं तेव्हा थोडक्यात जास्त कसं उभं करायचं हे डोक्यात बसलं. १९५५ मध्ये कासेलच्या बागप्रदर्शनात त्याने वादकांसाठी एक साधा मंडप केला, कापडाचे ४ कोपरे, २ वर २ खाली, बास. आजही कॉलेजात पोरांना पहिलं तेच दाखवतात. पुढे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचं ते तंबूसारखं छत, त्याच्याबरोबर आर्किटेक्ट ग्युंटर बेनिश. ते छत खरं तर तारांची जाळी आणि वर अॅक्रेलिकच्या पारदर्शक पाट्या आहेत, पण आकाराचं गणित तेच. आता तिथे तिकीट काढून गाईडबरोबर छतावर चढता येतं, म्हणजे शेवटी झालं की नाही खेळायचंच! ओट्टोला २०१५ चा प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सगळ्यात मोठा पुरस्कार, मिळाला, जाहीर व्हायच्या आदल्या दिवशीच तो गेला, पण मिळालाय हे त्याला आधी कळवलेलं होतं, तेवढं बरं.

खेळाच्या बाजूने बघायचं तर व्हिएन्नात १९७० मध्ये हाऊस-रुकर-को या तरुणांच्या टोळीने म्युझियममध्ये अवाढव्य हवेची गादी टाकली आणि त्यावर ३ राक्षसी फुगे सोडले, नाव काय तर जायंट बिलियर्ड, लोक म्हणजेच गोट्या. आणि जत्रेतलं ते हवेने फुगवलेलं जंपिंग जपांग? त्याची गोष्ट अशी सांगतात की अमेरिकेत लुइझियानाचे जॉन स्करलॉक १९५० च्या दशकाच्या शेवटी टेनिस कोर्टवर टाकायला फुगणारं कव्हर बनवत होते, तर त्यांच्याकडची माणसं त्यावर उड्या मारायला लागली. झाकण करायला गेले आणि खेळणं झालं.

ते जपानचं रंगीत जाळं व्हॉट्सअॅपवर फिरतं ते खरं आहे का? एआय वाटतं.

खरं आहे! आणि माझं सगळ्यात लाडकं आहे म्हणून जरा जास्त लिहिते. ते हाकोनेच्या ओपन एअर म्युझियममध्ये आहे, बनवलंय तोशिको होरिउची मॅकअॅडम या बाईंनी. त्या मुळात टेक्स्टाईलच्या आर्टिस्ट, गॅलरीत टांगायला मोठमोठे विणलेले तुकडे करायच्या. १९७० च्या दशकात त्यांच्या एका प्रदर्शनात दोन मुलं आली, समोर टांगलेली झोळीसारखी वस्तू बघितली आणि विचारलं की यात चढू का. बाईंच्या पोटात गोळा, कारण हाताने विणलेलं काम, पण हो म्हणाल्या. मुलं चढली तशी ती वस्तू हलायला लागली, ताणायला लागली, जिवंत झाली. तिथून गॅलरी मागे पडली. सुट्टीच्या दिवशी तोक्योच्या बागा बघत हिंडायच्या, मुलं खेळतात कुठे आणि कशी ते बघायला. १९७९ मध्ये ओकिनावाच्या पार्कमध्ये पहिलं मोठं रंगीत जाळं लागलं. नंतर त्या कॅनडात नोव्हा स्कॉशियाला गेल्या आणि नवऱ्याबरोबर तिथूनच काम करतात.

हे सगळं क्रोशाने विणलेलं असतं बरं का, हाताने, नायलॉनच्या जाड दोरीतून. आपल्या आज्या टीव्हीवर टाकायला रुमाल विणायच्या तोच प्रकार, फक्त त्यात २०-२५ पोरं लोंबकळतात. हाकोनेला २००९ मध्ये तेझुका आर्किटेक्ट्स या नवरा-बायकोच्या ऑफिसने त्याच्याभोवती लाकडी ओंडक्यांचा घुमट रचला, धातूचे जोड न वापरता, जुन्या जपानी देवळांच्या पद्धतीने. तो घुमट शोभेचा नाही, ऊन-पावसापासून नायलॉन वाचवायला आहे. आत फक्त लहान मुलं, आईबाप बाहेर. मला तर हा नियमच डिझाईनचा अर्धा भाग वाटतो.

आकार नेहमी असे वाकडेतिकडे का? सरळ सपाट कापड का नाही ताणत?

कारण सपाट कापड खोटं बोलतं. दिसायला ताणलेलं, पण वरून वारा आला की फडफड आणि पाणी पडलं की डबकं. बटाट्याचा वेफर हातात घ्या, एका दिशेने तो वर वळलेला असतो आणि त्याला आडव्या दिशेने खाली. कापडाला असा आकार दिला की वरच्या दिशेचे धागे वजन धरतात आणि खालच्या दिशेचे वाऱ्याला धरून ठेवतात, दोघं एकमेकांविरुद्ध खेचत राहतात म्हणून काहीच हलत नाही. कासेलचे ४ कोपरे, २ वर २ खाली, म्हणजे हाच वेफर.

ओट्टो हा आकार साबणाच्या पाण्यातून काढायचा. तारेची वेडीवाकडी चौकट करा, साबणाच्या पाण्यात बुडवा, बाहेर काढा. जी फिल्म येते ती त्या चौकटीत बसणारा कमीत कमी कापडाचा आकार असतो आणि तिच्यात ताण सगळीकडे सारखा असतो. आता हे कॉम्प्युटरवर होतं, पण मी अजून नवीन पोरांना आधी भांड्याचा साबण आणि तार आणायला सांगते.

घरी मॉडेल करून बघायचंय, काय लागेल?

जुनी लेगिंग आणि भरतकामाची रिंग. झालं. लेगिंग उसवून रिंगवर बसवा, खालून पेन्सिलने वर ढकला, बाजूने दोऱ्याने खाली खेचा. कुठे सुरकुती येते ते बघा, सुरकुती म्हणजे तिथे ताण नाही, म्हणजे खऱ्यात तिथे पहिलं फाटणार नाहीतर फडफडणार.

दोर किती घट्ट बांधायचा? आम्ही एकदम टाईट बांधला होता तरी हुक निघाला.

टाईट बांधला म्हणूनच निघाला! हे सगळ्यात जास्त चुकतं. समजा दोन खांबांमध्ये ४ मीटर अंतर आहे आणि मधोमध ३० किलोचं पोरगं बसलं. दोरीला मधे फक्त २० सेंटीमीटर झोळ येऊ दिलात तर प्रत्येक हुकावर साधारण १५० किलोची ओढ येते. तेच १ मीटर झोळ येऊ दिलात तर ३४ किलोच्या आसपास. पोरगं तेच, हुक तोच, फक्त झोळ वाढला. आणि हे नुसतं बसल्याचं गणित, उडी मारली की आणखी वाढतं. आपल्या आज्या लुगड्याची झोळी खोल बांधायच्या ते काही उगाच नाही. पार्किंगच्या भिंतीत प्लास्टिकचा गट्टू ठोकून त्यात हुक अडकवणारे लोक मी बघितलेत, कृपया नको, बाळांनो.

कापड कुठलं घेऊ?

कुठे आणि किती दिवसांसाठी ते सांगा मग सांगते. घरात, चार दिवसांच्या वर्कशॉपला लायक्रा, कारण ती दोन्ही बाजूंनी ताणते आणि पोरांना लागत नाही. बाहेर काही वर्षं टिकवायचं तर पॉलिएस्टरवर पीव्हीसी कोटिंग, याचे तुकडे हाय फ्रिक्वेन्सी वेल्डिंगने, म्हणजे तापवून एकमेकांना चिकटवून, जोडतात, शिलाईने नाही, निदान मुख्य जोड तरी नाही. तिसरं, काचेच्या धाग्यावर टेफ्लॉन, जे जेद्दा विमानतळाच्या हज टर्मिनलच्या छतावर आहे, टिकतं भरपूर पण घडी पडली की काचेचे धागे तुटतात, त्यामुळे जिथे पोरं चिमटे काढणार तिथे नको. ईटीएफई नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची फिल्म, बीजिंगच्या वॉटर क्यूब या ऑलिंपिकच्या पोहण्याच्या तलावावरची, सुंदर, पण खेळायला मला पटत नाही आणि बजेट ऐकून तुम्हालाही पटणार नाही.

कडेचं बघा मात्र. कापडाच्या कडेला दुमड घालून त्यातून तार जाते, अगदी लेंग्याच्या नेफ्यातून नाडी जाते तशी, आणि ती कड सरळ नसते, आत वळलेली कमान असते. सरळ कड कापलेली दिसली की समजा कॉन्ट्रॅक्टर नवीन आहे. घरगुती कामात कापडाच्या कोपऱ्यातली दोर बांधायची धातूची रिंग तुटली तर शेतकरी ताडपत्रीला करतात ते करा, कोपऱ्यात गोटा घालून मागून सुतळीने आवळा. रिंगपेक्षा ते जास्त धरतं, शपथ.

वाढदिवसाला फुगणारं मिकी माऊस आणतो, ते सेफ असतं ना?

नीट बांधलं तर. नाहीतर ते सगळ्यात धोकादायक आहे आणि यात मी मस्करी करणार नाही. आतलं प्रेशर काहीच नसतं, १०-२० सेंटीमीटर उंच पाण्याच्या दाबाएवढं, गाडीच्या टायरच्या शंभराव्या भागाइतकं, म्हणून ते मऊ लागतं. फुटण्याची भीती नाही, उडण्याची आहे. ते म्हणजे एक मोठं शीड. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये ड्रीमस्पेस नावाचं आत शिरून फिरायचं फुगीर शिल्प माणसांसकट उचललं गेलं आणि दोघी गेल्या. २०२१ च्या डिसेंबरमध्ये टास्मानियात डेव्हनपोर्टला वाऱ्याने जंपिंग कासल उचललं, ६ मुलं गेली.

युरोपचा नियम सांगतो, किमान ६ ठिकाणी बांधलेलं हवं आणि ताशी ३८ किलोमीटरच्या वर वारा गेला की बंद. तेवढ्या वाऱ्यात ४ बाय ४ मीटरच्या भिंतीवर शंभरेक किलोचा रेटा येतो, आणि वारा दुप्पट झाला की रेटा चौपट. मातीत मेखा ठोकायच्या, फरशीवर असेल तर वजन किती लावायचं ते बनवणाऱ्याने लिहून दिलेलं हवं. चार विटा ठेवल्या आणि झालं, असं म्हणणाऱ्याला परत पाठवा, केक कापा, पोरं अशीही खेळतील. झाडाच्या शेंड्याकडे बघत राहायला एक मोठा माणूस लागतो, मोबाईल न बघणारा.

पावसाळ्यात काय करायचं?

जाळी आणि लायक्रा काढून ठेवा. छत असेल तर उतार.

माझी स्वतःची फजिती सांगते. सुरुवातीच्या काळात एका शाळेच्या अंगणात मी ताडपत्री जवळजवळ सपाट ताणली होती, फोटोत छान दिसते म्हणून. मे महिन्यात संध्याकाळी वळीव आला. मधे जरासा खळगा, त्यात पाणी, पाण्याने खळगा वाढला, वाढला म्हणून अजून पाणी. २ बाय २ मीटरचं डबकं, सरासरी १० सेंटीमीटर खोल धरलं तरी ४०० किलो होतात. मी बांबूने खालून ढोसून पाणी उडवायला गेले तर ते सगळं एका बाजूला सरकलं आणि तिकडचा पाईप केळीसारखा वाकला. नशीब मुलं घरी गेली होती. शिपाईकाका शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे मांडवाला मधे टेकू देतात." पाच वर्षं कॉलेजात घालवून मला हे काकांकडून कळलं.

मग मांडववाल्याकडूनच करून घेतलं तर?

गाठी, मेखा, बांबू, उंचीवर काम करणं यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, मी स्वतः त्यांनाच बोलावते. फक्त मांडव चढण्यासाठी नसतो. हुकावर किती ओढ येणार, खांब कुठल्या दिशेला वाकणार, हे इंजिनिअरकडून काढून घ्या आणि मग बांधायला त्यांना द्या.

जाळीत मुलांची डोकी अडकत नाहीत का?

जाळीचा डोळा चुकीचा असेल तर अडकतात. युरोपच्या खेळसाहित्याच्या नियमात ८९ ते २३० मिलिमीटरमधली भोकं धोक्याची धरतात, कारण अंग जातं आणि डोकं राहतं. एकतर त्याहून बारीक ठेवा नाहीतर माणूस आरपार जाईल एवढं मोठं. जाळी ताणली की डोळ्याचा आकार बदलतो हे विसरू नका, वजन टाकून मग मोजा. आणि गळ्यातली ओळखपत्राची दोरी, ओढणी, हुडीची नाडी, सगळं बाहेर काढून ठेवायचं. मी एक बादलीच ठेवते त्यासाठी.

पैसे नाहीत. काहीतरी स्वस्तात?

नुमेन फॉर यूज नावाचा क्रोएशिया-ऑस्ट्रियाचा ग्रुप आहे, ते लोक पॅकिंगची पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळून गुंडाळून बोगदे करतात, माणसं आत रांगतात. व्हिएन्ना, मेलबर्न असं बऱ्याच ठिकाणी केलंय. हे बघून लगेच करायला जाऊ नका, शेकडो रोल लागतात आणि थरावर थर द्यावे लागतात. आपल्यासाठी त्यापेक्षा चादर बरी. जुनी डबल बेडची चादर, चार मोठी माणसं चार कोपऱ्यांना, मधे एक पोर. किंवा पोर नको, दहा चेंडू टाका आणि चेंडू खाली पडू न देता एकमेकांकडे पाठवा.

आतून रंगीत उजेड पडतो ते फुग्याचं घर कोणाचं?

बहुतेक ल्युमिनारियम म्हणताय तुम्ही. नॉटिंगहॅमचे अॅलन पार्किन्सन आणि त्यांची आर्किटेक्ट्स ऑफ एअर ही कंपनी, १९९२ पासूनची. पातळ पीव्हीसीचे फक्त ४ रंग वापरतात आणि आत दिवे नसतात, बाहेरचं ऊनच गाळून आत येतं, ढग आला की आतला रंग बदलतो. तिथे उड्या मारायच्या नाहीत, चपला काढून हळू चालायचं, भिंतीला टेकून बसायचं. देवळात गेल्यासारखे लोक गप्प होतात म्हणे. मी अजून आत गेलेले नाही, कुठे जवळपास आलं तर मला आधी कळवा, बाकी कामं नंतर.

मोठ्यांनी चढलं तर चालतं का?

किती वजनाला बनवलंय त्यावर आहे, पाटी बघा. आमच्या कामात आम्ही मोठी माणसं धरूनच हिशोब करतो, कारण अनुभव असा आहे की नको म्हटलं तरी चढतात. बाबा लोक आधी हाताने दाबून बघतात, मग कोणी बघत नाही ना ते बघून एक पाय टाकतात. फक्त चार-पाच लहान मुलं चढलेली असतील तेव्हा थांबा, तुम्ही धपकन बसलात की ती सगळी तुमच्या अंगावर येऊन पडतील. आणि चप्पल काढा.